डोक्याला मुका मार, स्कॅन नॉर्मल, दोन महिने होऊन गेले तरी त्रास जात नाहीये. कुणाला अनुभव?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. जुलैत पावसात माझी स्कूटी घसरली, हेल्मेट होतं म्हणून डोकं फुटलं नाही पण उजवी बाजू रस्त्यावर जोरात आपटली. बेशुद्ध पडले नाही, फक्त थोडा वेळ मी कुठे आहे, कुठे निघालेय हे काहीच कळत नव्हतं, लोकांनी बाजूला बसवलं, पाणी दिलं. सीटी स्कॅन झाला, त्यात काही निघालं नाही, मुका मार आहे, दोन दिवस आराम करा असं सांगून घरी सोडलं.

आता दोन महिने उलटून गेलेत. डोकं मागून दुखायला लागतं ते कपाळापर्यंत येतं. अंथरुणात कूस बदलली की खोली गरकन फिरते. मिक्सर, कुकरची शिट्टी, शेजारी चाललेलं फरशी कापायचं मशीन, सगळं थेट डोक्यात घुसतं. मी पतसंस्थेत कामाला आहे, दिवसभर कम्प्युटरवर आकडे, तर तासाभरात रांगा पोहायला लागतात, एकच एंट्री तीनदा वाचते. बोलताना साधा शब्द सापडत नाही. रात्री झोप नाही आणि दुपारी डोळे उघडे राहत नाहीत. मुलीवर विनाकारण ओरडते आणि मग रडत बसते.

मिस्टर खूप सांभाळून घेतात पण सासूबाई आणि ऑफिसातले सगळे म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग आता मनावर घेऊ नकोस. मलाही तसंच वाटायला लागलंय की हे माझ्या मनाचंच असेल. कुणाला असं झालंय का? किती दिवस चालतं? कुठल्या डॉक्टरकडे जायचं?

चिंचेचं_झाड

अगं ताई काळजी घे. माझ्या चुलत भावाला झालं होतं असं, त्याला पूर्ण अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं महिनाभर, टीव्ही मोबाईल सगळं बंद, कुणाशी बोलायचं पण नाही. मेंदूला विश्रांती लागते. तूही सगळं सोडून सरळ माहेरी जा आणि झोपून राहा. डोक्याला तेल जिरव.

साताऱ्याचा_डॉक्टर

गोदाकाठ, पहिली गोष्ट, हे मनाचं नाही. तुम्ही जे लिहिलंय ते जवळजवळ त्याच शब्दांत मी ओपीडीत ऐकत असतो.

सीटी कशासाठी करतात ते आधी बघू. कवटीला तडा गेलाय का, आत रक्तस्राव आहे का, तातडीने ऑपरेशन लागेल का, एवढं बघायला. ते नाही म्हणजे मोठं संकट टळलं, हे खरंच चांगलं झालं. पण मेंदू जोरात हलल्यावर पेशींच्या पातळीवर जी उलथापालथ होते ती या चित्रात दिसतच नाही. पेशीतलं पोटॅशियम बाहेर जातं, कॅल्शियम आत शिरतं, ते परत जागेवर आणायला मेंदूला नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच दिवसांत मेंदूचा रक्तपुरवठा थोडा कमी झालेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात मागणी वाढलेली असताना लोडशेडिंग सुरू व्हावं तसं. कन्कशन म्हणतात ते हेच. बेशुद्ध पडलंच पाहिजे असं अजिबात नाही, बहुतेक लोक पडत नाहीत, तुमच्यासारखं काही वेळ भांबावल्यासारखं होतं एवढंच.

ही उलथापालथ बहुतेक मोठ्या माणसांत दहा ते चौदा दिवसांत निवळते, मुलांना चार आठवडे लागू शकतात. पण काही जणांचा त्रास त्यापुढे राहतो आणि हे लोक थोडेथोडके नाहीत. खेळातल्या कन्कशनवर तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरते, २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला झाली, तिथे चार आठवड्यांपुढे राहिलेल्या त्रासाला लांबलेली लक्षणं म्हणायचं असं ठरलं.

आता महत्त्वाचं. दोन महिन्यांनी जो त्रास उरतो तो मेंदू अजून तसाच जखमी आहे म्हणून असतो असं समजू नका. त्या आपटण्यात मान लचकलेली असते, आतल्या कानातला तोल बिघडलेला असतो, दोन्ही डोळ्यांचा ताळमेळ सुटलेला असतो, आधीची मायग्रेनची प्रवृत्ती जागी झालेली असते, झोप मोडलेली असते आणि या सगळ्याच्या वर काळजी. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. त्यामुळे "माझं डोकं कधी बरं होणार" हे विचारण्यापेक्षा "माझा कुठला त्रास कुठून येतोय" हे एकेक करून शोधायला लागा, तिथून वाट सापडते. तुमच्या वर्णनात मला किमान तीन वेगवेगळी उगमस्थानं दिसतायत.

आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी, मार लागल्यानंतर डोकेदुखी वाढतच चालली, वारंवार उलट्या, झोपेतून उठवता न येणं, फिट, एका डोळ्याची बाहुली मोठी दुसऱ्याची लहान, हातापायात कमजोरी, बोलणं अडखळणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही येणं, यातलं एक जरी दिसलं तरी स्कॅन आधी नॉर्मल होता म्हणून थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

पेठकर

डॉक्टर, फार छान समजावलंत. बेशुद्ध पडायची गरज नाही यावरून २०१९ ची लॉर्ड्स टेस्ट आठवली. आर्चरचा बाउन्सर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला, बाहेर गेला, तपासणीत पास झाला, परत येऊन ९२ पर्यंत खेळला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जड जड वाटायला लागलं म्हणून मॅचमधून काढला. लबुशेन बदली आला, कन्कशन सब्स्टिट्यूट म्हणून टेस्टमध्ये पहिलाच. म्हणजे जगातल्या सगळ्यात चांगल्या वैद्यकीय देखरेखीत असलेल्या खेळाडूलासुद्धा लक्षणं दुसऱ्या दिवशी दिसली. आपल्याकडे पुण्याजवळ गहुंज्याच्या स्टेडियमवर जानेवारी २०२५ मध्ये शिवम दुबेच्या हेल्मेटवर बॉल लागला तेव्हा हर्षित राणाला आणलं, त्यावर ऑलराउंडरच्या जागी बोलर कसा चालतो म्हणून केवढा वाद झाला, दुबे कसा आहे हे विचारणारे कमी होते याचं मला वाईट वाटलं होतं.

हेल्मेटबद्दल ताईंनी लिहिलंय म्हणून सांगतो, आमच्या पुण्यात हेल्मेटसक्ती म्हटलं की लोक रस्त्यावर उतरतात. दुचाकीवाल्यांच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला त्यात हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्के कमी होतो असं निघालं होतं. कवटी वाचते. पण आत मेंदू हलायचा तो काही प्रमाणात हलतोच, त्यामुळे हेल्मेट होतं मग तुला कसं काय झालं असं ताईंना कुणी म्हणत असेल तर ते चुकीचं आहे.

मानपाठ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापूर. गोदाकाठताई, तुमचं कूस बदलल्यावर गरगरणं वाचूनच मला बीपीपीव्हीची शंका आली. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात, डोकं आपटल्यावर ते जागेवरून निसटून अर्धगोल नळीत जातात, मग डोकं एका विशिष्ट बाजूला वळलं की काही सेकंद सगळं फिरतं आणि थांबतं. एक मिनिटाच्या आत थांबत असेल, कूस बदलताना, वर माळ्याकडे बघताना, खाली वाकल्यावर होत असेल तर बहुतेक तेच. यावर गोळी हा उपाय नाहीच, डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण परत जागी नेतात, एप्ली मनुव्हर म्हणतात, बऱ्याच जणांना एकदोन वेळातच आराम पडतो. फक्त व्हिडिओ बघून घरी करू नका. तुमच्या मानेलाही मार आहे, आधी मान तपासून घ्यायला हवी आणि कुठला कान, कुठली नळी हे कळल्याशिवाय करून फायदा नाही.

दुसरं, मागून सुरू होऊन कपाळाकडे येणारी डोकेदुखी. मान वळवल्यावर, एका स्थितीत बसल्यावर वाढते का बघा. वाढत असेल तर ती मानेतून येतेय, मेंदूतून नाही. मानेच्या पुढच्या खोल स्नायूंचे व्यायाम आणि सांध्यांवर हाताने दिलेली ट्रीटमेंट यांनी ती कमी होते.

तिसरं, रांगा पोहणं. एक पेन हातभर लांब धरा, टोकाकडे बघत हळूहळू नाकाकडे आणा. नाकापासून साधारण पाच-सहा सेंटीमीटरवर आल्यावर दोन दिसणं ठीक आहे, पण पंधरा-वीस सेंटीमीटरवरच दोन दिसायला लागले किंवा डोळा दुखायला लागला तर दोन्ही डोळे जवळचं बघताना एकत्र वळत नाहीयेत. चष्म्याचा नंबर बरोबर असूनही हे होतं, त्यामुळे नुसता नंबर तपासून भागत नाही, नेत्रतज्ज्ञांना मुद्दाम सांगा की मार लागल्यापासून होतंय. याचेही व्यायाम आहेत.

तेलमालिश आवडत असेल तर करा, पण मान कडकड मोडून घेऊ नका, सलूनमध्ये डोकं दोन्ही बाजूंना झटका देऊन वळवतात ते तर कधीच नाही.

दूरगाव

मी कॅलगरीत असतो, मूळचा जळगावचा. तीन वर्षांपूर्वी बर्फावर घसरून डोक्यावर पडलो आणि याच सगळ्यातून गेलो, म्हणून आवर्जून लिहितोय.

चिंचेचं_झाड, तुमच्या भावाच्या वेळी तोच सल्ला दिला जायचा, तेव्हा तसंच मानत होते. पण आता पहिले २४ ते ४८ तास सोडले तर कडक विश्रांती देत नाहीत. अमेरिकेत २०१५ साली एक अभ्यास आला, त्यात इमर्जन्सीत आलेल्या मुलांचे दोन गट केले, एकाला पाच दिवस कडक विश्रांती आणि दुसऱ्याला नेहमीचा सल्ला, एकदोन दिवस आराम मग हळूहळू सुरुवात. कडक विश्रांतीवाल्यांनी उलट जास्त लक्षणं सांगितली. अंधाऱ्या खोलीत पडून राहिलं की झोपेचं चक्र मोडतं, अंगातली ताकद जाते, उजेड आवाज आणखी सहन होईनासा होतो आणि मन खचतं, मग यातलं माराचं किती आणि खोलीचं किती तेच कळत नाही. स्क्रीन मात्र पहिले ४८ तास खरंच टाळावी, त्यावर वेगळा अभ्यास झालाय, स्क्रीन टाळणाऱ्यांची लक्षणं लवकर गेली. पण हे पहिल्या दोन दिवसांचं, दोन महिन्यांनंतरचं नाही.

अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात ट्रेडमिलवर चालवून बघतात की हृदयाचे ठोके कितीवर गेले की लक्षणं वाढतात, आणि त्या आकड्याच्या ८०-९० टक्क्यांवर रोज साधारण वीस मिनिटं व्यायाम देतात. २०१९ ला त्यांनी नुकताच मार लागलेल्या किशोरवयीन खेळाडूंवर करून बघितलं, व्यायाम करणारे सरासरी १३ दिवसांत बरे झाले आणि नुसतं स्ट्रेचिंग करणारे १७ दिवसांत. आणि आमच्या कॅलगरीतच २०१४ मध्ये एक छोटा अभ्यास झाला, लक्षणं रेंगाळलेले ३१ जण, ज्यांना मानेची आणि तोलाची फिजिओ दिली त्यांच्यातले ७३ टक्के आठ आठवड्यांत खेळायला मोकळे झाले, दुसऱ्या गटात ७ टक्के. माणसं कमी होती हे खरं, पण मानपाठ यांनी वर जे सांगितलंय त्याला आधार आहे एवढं यातून कळतं.

मला सगळ्यात उपयोगी पडलेला नियम सांगतो. काहीही करायच्या आधी स्वतःच्या त्रासाला शून्य ते दहात मार्क द्यायचे. समजा तीन. काम करताना पाचपर्यंत गेलं आणि थांबल्यावर तासाभरात परत तीनवर आलं तर हरकत नाही, तेवढं सोसायचं, त्याने इजा होत नाही. पाचच्या वर गेलं किंवा तासाभराने उतरलं नाही तर आजचा डोस जास्त झाला, उद्या थोडं कमी करायचं पण बंद नाही करायचं. माझं व्हायचं काय की बरं वाटलं त्या दिवशी महिन्याची सगळी कामं उरकायला जायचो आणि मग पुढचे दिवस उठता यायचं नाही. या नियमाने ते वरखाली होणं थांबलं.

अनामिका_दोन

गोदाकाठ, तुझी पोस्ट वाचून डोळ्यात पाणी आलं. मला बसमध्ये वरचा बार लागला होता, साधी ठेच म्हणतात तशी, आणि नंतर कित्येक आठवडे मी मीच नव्हते. चिडचिड, रडू, गर्दीत गेलं की छाती धडधडायची. घरचे म्हणायचे स्वभाव बदललाय. मला सारखं वाटायचं की मेंदू कायमचा गेला, मग नेटवर अमेरिकन फुटबॉल खेळाडूंचं वाचलं, त्यांच्या मेंदूत म्हातारपणी काय काय सापडतं ते, आणि रात्ररात्र जागी. डॉक्टर, तुम्ही यावर लिहाल का, कारण ही भीती फार जणांना असते आणि विचारायची लाज वाटते.

साताऱ्याचा_डॉक्टर

अनामिका, विचारलंत हे चांगलं केलंत. त्या खेळाडूंच्या मेंदूत जो आजार सापडतो तो वर्षानुवर्षं, शेकडो हजारो वेळा बसलेल्या दणक्यांशी जोडलेला आहे. स्कूटीवरून एकदा पडणं किंवा बसमध्ये एकदा बार लागणं याची त्याच्याशी तुलना करू नका, कृपया त्या बातम्या वाचणं बंद करा.

आणि चिडचिड, रडू, धडधड हेही लक्षणच आहे, डोकेदुखीइतकंच. भीतीने झोप जाते, झोप गेली की डोकं दुखतं, डोकं दुखलं की परत भीती, असं फिरत राहतं. त्यासाठी समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेणं म्हणजे "हे मनाचं होतं" असं कबूल करणं नाही. ज्यांना आधीपासून मायग्रेन, चिंता किंवा नैराश्याचा त्रास असतो त्यांचं जास्त लांबतं हे माहीत आहे, म्हणून आम्ही मागचं विचारतो, दोष द्यायला नाही.

घरच्यांसाठी एक विनंती. प्लास्टर दिसतं, टाके दिसतात, हे दिसत नाही. "आता तरी बरी झालीस का" असं रोज विचारू नका आणि "काही होत नाही तुला" असंही नको. मिक्सर लावायच्या आधी सांगा, मुलीचा अभ्यास दुसऱ्या कुणी घ्या, हिशेब दुसऱ्याने लिहा. सासूबाईंना पुढच्या वेळी डॉक्टरकडे सोबत न्या, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की पटतं.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचून खूप हलकं वाटलं, मिस्टरांनाही वाचायला दिलं. काही प्रश्न. रोज एक डोकेदुखीची गोळी घ्यावीच लागते, कधी दोन, चालेल का? चक्करेच्या गोळ्या पहिल्यापासून चालू आहेत. मेंदूच्या ताकदीसाठी म्हणून सिटिकोलिन लिहून दिलंय, बरंच महाग आहे. आणि एमआरआय काढून घेऊ का म्हणजे एकदाची शंका जाईल? घरातसुद्धा गॉगल लावून बसते, त्याने बरं वाटतं.

साताऱ्याचा_डॉक्टर

रोजची वेदनाशामक गोळी हेच दुखण्याचं एक कारण होऊन बसू शकतं. साध्या गोळ्या महिन्यातून १५ दिवस किंवा जास्त आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या १० दिवस किंवा जास्त, असं काही महिने चाललं की गोळीचीच डोकेदुखी सुरू होते. तुम्ही त्या वाटेवर आहात. मायग्रेनसारखं दुखत असेल तर रोजची प्रतिबंधक औषधं असतात, ती न्यूरोलॉजिस्ट ठरवतील. गोळ्या किती दिवस घेतल्या हे कॅलेंडरवर खूण करून न्या.

चक्करेच्या गोळ्या पहिल्या काही दिवसांपुरत्या ठीक. त्यातल्या बऱ्याचशा तोलाच्या यंत्रणेला गुंगवतात आणि मग मेंदूला नवीन जुळवून घ्यायला जास्त वेळ लागतो. आपल्या मनाने बंद करू नका, पण विचारा की अजून किती दिवस.

सिटिकोलिनवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली होती, २०१२ ला निकाल आला, डोक्याला मार लागलेले बाराशेच्या वर पेशंट, ९० दिवसांनी औषध घेणारे आणि नुसती खोटी गोळी घेणारे यांच्यात फरक दिसला नाही. माझं स्पष्ट मत, ते पैसे फिजिओला द्या. तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

एमआरआयही बहुतेक वेळा नॉर्मलच येतो आणि मग घरच्यांचं "बघ, काही नाही" आणखी पक्कं होतं. तपासणीत काही वेगळं सापडलं, लक्षणं वाढत गेली तर जरूर काढतात.

गॉगल उन्हात लावा, घरात नको. डोळ्यांना अंधाराची सवय लागली की साधी ट्यूबलाइटही सहन होत नाही. कानातल्या बोळ्यांचंही तेच, मिक्सरपुरते घाला, दिवसभर नको. झोपेसाठी उठायची वेळ पक्की ठेवा, रात्र कशीही गेली तरी, आणि दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त नको.

थरकरी

ठाण्याहून लिहितोय. माझा धाकटा भाऊ गोविंदा पथकात आहे. या वर्षी सरावात पाचव्या थरावरून खाली आला, खालच्याच्या गुडघ्यावर डोकं आपटलं, एकदा उलटी झाली, थोडा वेळ तेच तेच विचारत होता. दुसऱ्या दिवशी सरावाला गेला कारण पथकात नाही म्हणायला कुणालाच आवडत नाही. आईने हट्टाने थांबवला. त्याला अजूनही पळालं की डोकं ठणकतं. तो म्हणतो कबड्डीचा सीझन येतोय, जाऊ का. काय सांगू त्याला?

साताऱ्याचा_डॉक्टर

थरकरी, तुमच्या आईंनी फार मोठं काम केलं. पहिली इजा भरली नसताना दुसरा मार बसला, अगदी हलका असला तरी, तर कोवळ्या वयात मेंदूला अचानक भयंकर सूज येऊ शकते. क्वचित होतं पण झालं तर जीव जातो. ते टळलं तरी दुसऱ्या वेळी बरं व्हायला जास्त वेळ लागतो. ऑस्ट्रेलियाचा विल पुकोव्स्की, एवढा गुणी बॅट्समन, एकामागून एक कन्कशन झाली म्हणून २७ व्या वर्षी २०२५ मध्ये त्याने क्रिकेट सोडलं.

खेळात परतायच्या सहा पायऱ्या आहेत. आधी रोजची हलकी कामं, मग चालणं-सायकल, मग एकट्याने पळणं आणि खेळातल्या हालचाली, मग कुणाला न भिडता टीमबरोबर सराव, मग पूर्ण सराव, मग मॅच. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. आणि भिडायचा धोका असलेला सराव सुरू करायच्या आधी जोरात व्यायाम करूनही त्रास शून्य पाहिजे आणि डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं पाहिजे. पळाल्यावर ठणकतंय म्हणजे तो अजून सुरुवातीच्या पायऱ्यांवर आहे, कबड्डीत पकड होते, डोकं आपटतं, आत्ता नाही. कॉलेज आधी, मैदान नंतर. पथकातल्या मोठ्यांनाही सांगा, पुढच्या वर्षी सराव सुरू व्हायच्या आधीच ठरवून ठेवा की डोक्याला लागलं की त्या दिवशी तो मुलगा परत चढणार नाही, मग तो कितीही म्हणो.

वाड्यातली_सून

माझा विषय थोडा वेगळा पण इथे यायला हवा. सासरे ७६ वर्षांचे, हार्टसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू. मोरीत घसरून डोकं भिंतीला लागलं, टेंगूळसुद्धा आलं नाही. चार-पाच आठवड्यांनी चालताना एका बाजूला झुकायला लागले, सदऱ्याची बटणं लागेनात, बोलण्यात विसंगती. आम्हाला वाटलं वयामुळे होतंय. शेजारच्या नर्सबाईंनी डोक्याला कधी लागलं होतं का विचारलं म्हणून स्कॅन केला तर कवटीच्या आत रक्त हळूहळू साठलेलं. कवटीला छोटी भोकं पाडून काढलं, आता पेपर वाचतात. वयामुळे मेंदू थोडा आक्रसतो, वरच्या नसा ताणलेल्या असतात आणि साध्या धक्क्याने झिरपत राहतं असं सर्जननी सांगितलं. म्हातारं माणूस असेल आणि लक्षणं आठवड्यांनी नव्याने सुरू झाली तर लांबलेला त्रास समजून बसू नका.

पेठकर

वाड्यातली_सून, हे खूप महत्त्वाचं लिहिलंत. नीट चालताबोलता येतंय म्हणजे सगळं ठीक असं धरून चालायचं नाही. १९९८ मध्ये ढाक्यात आपला क्रिकेटपटू रमण लांबा शॉर्ट लेगला हेल्मेट न घालता उभा होता, बॉल डोक्याला लागला, चालत ड्रेसिंग रूममध्ये गेला आणि तीन दिवसांनी गेला.

माझाही एक प्रश्न. बहिणीला डिसेंबरात मार लागला होता, बरीचशी बरी आहे, पण गणपतीत आमच्या गल्लीत ढोलताशा आणि वर लेझरचे दिवे, तेवढे दिवस तिला बाहेरगावी पाठवू का?

मानपाठ

विसर्जनाच्या दिवशी पाठवा, त्या आवाजाने धडधाकट माणसाच्या कानालाही इजा होते आणि लेझर डोळ्यांसाठी वाईटच. बाकीचे दिवस घरी राहू देत, आरतीला पाच मिनिटं मागे उभी राहू दे, दुसऱ्या दिवशी दहा. आवाज पूर्ण तोडायचा नाही, वाढवत न्यायचा. दूरगाव यांचा मार्कांचा नियम इथेही चालतो.

गोदाकाठ

अपडेट देते. कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी टेबलावर डोकं खाली लटकवून तपासलं, उजव्या कानाचं बीपीपीव्हीच निघालं, एप्ली केलं, करताना भयंकर गरगरलं पण त्यानंतर कूस बदलता येतेय. मानेची फिजिओ सुरू आहे, मागची डोकेदुखी निम्म्यावर आलीये. पेनची टेस्ट नेत्रतज्ज्ञांकडे केली, माझे डोळे बरेच लांबूनच सोडून देतात, त्याचे व्यायाम दिलेत, ते कंटाळवाणे आहेत आणि डोकं चढतं पण करते. गोळ्या डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी केल्या, पहिला आठवडा फार जड गेला. सासूबाई सोबत आल्या होत्या, त्यांनी डॉक्टरांना स्वतःच चार प्रश्न विचारले.

शब्द अजून अडतात. गर्दी नको वाटते. मॅनेजरसाहेबांनी महिनाभर अर्धा दिवस मान्य केलंय, पण काउंटर की मागची फाइल, काय घेऊ कळत नाही. आणि स्कूटी कधी?

दूरगाव

फाइलचं काम घ्या. काउंटरवर आवाज, माणसं, स्क्रीन, पैसे मोजणं सगळं एकदम येतं, ते सगळ्यात शेवटी. सुरुवातीला पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं स्क्रीनकडे पाठ करून बसणं, फॉन्ट मोठा, ब्राइटनेस खोलीच्या उजेडाइतका, लांब तक्ते प्रिंट काढून पट्टी ठेवून वाचा. अवघड काम सकाळी. शब्द अडणं माझं सगळ्यात शेवटी गेलं, झोप सुधारल्यावर, त्यासाठी वेगळं काही केलं नाही.

मानपाठ

स्कूटीसाठी मी पेशंटना असं बघायला सांगते. मान झटकन दोन्ही खांद्यांवरून मागे वळवून गरगरत नाही ना, मागे बसून गर्दीच्या रस्त्याने गेल्यावर त्रास वाढत नाही ना, अचानक हॉर्न वाजला तर दचकून डोकं रिकामं होत नाही ना, आणि दुपारची ती झापड गेलीय ना. हे सगळं जमलं की तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारून आधी रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर, कुणाला मागे न बसवता. आणि ते हेल्मेट बदला ताई, एकदा आपटलेल्या हेल्मेटच्या आतला थर्माकोल दबलेला असतो, बाहेरून चांगलं दिसलं तरी दुसऱ्यांदा ते वाचवत नाही.

गोदाकाठ

हेल्मेटचं माहीत नव्हतं, तेच वापरणार होते. आज संध्याकाळीच आयएसआय मार्कचं नवीन आणते, मिस्टरांचंही एकदा पडलेलं आहे, तेही बदलते. नाशिकरोड किंवा सिडको भागात तोलाचे व्यायाम घेणारं कुणी फिजिओ माहीत असेल तर खासगी निरोपात कळवा, आत्ताचे गंगापूर रोडला आहेत आणि रिक्षात स्पीडब्रेकर फार होतात.